पीयूसीची चिठ्ठी आणि होंडाची अकॉर्ड

पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा.

परवा गाडीची पीयूसी संपली म्हणून काढायला गेलो. तिथल्या पोरानं नंबर प्लेटचा फोटो काढला, पैसे घेतले, चिठ्ठी हातात दिली. सायलेन्सरमध्ये नळी घालायचं नावसुद्धा नाही. मी म्हटलं, "अरे, चेक तरी कर." तर म्हणतो कसा, "काका, चांगलीच आहे की तुमची गाडी." माझ्या मागे एक टेम्पो उभा होता, काळा धूर ओकत. त्यालाही तेवढ्याच वेळात तशीच चिठ्ठी मिळाली. केंद्राचं नाव लिहीत नाही, कारण हा एका केंद्राचा प्रश्न नाही. आणि मीही काही न बोलता चिठ्ठी खिशात घालून घरी आलो, हेही कबूल करतो.

घरी येताना एक जुनी गोष्ट आठवली. धुराचा नियम कागदावर न पाळता थेट इंजिनात पाळणाऱ्या लोकांची. त्यातून एक गाडी जन्माला आली, तिचं नाव होंडा अकॉर्ड.

अकॉर्ड म्हटलं की आपल्याकडे मोठी, चकचकीत, साहेबांची गाडी डोळ्यासमोर येते. ती भारतात आली २००१ साली, नोएडाजवळच्या कारखान्यातून. तेव्हा तालुक्याच्या गावात एखाद्या बड्या डॉक्टरकडे किंवा एखाद्या चेअरमनकडे दिसली तर दिसायची. पण ती अकॉर्डची सहावी पिढी होती. मी सांगतोय ती पहिली पिढी, १९७६ची. ती साहेबांची गाडी नव्हती. बेताच्या पगारात घर चालवणाऱ्या माणसाची, मागच्या सीटवर दोन पोरं बसवायची गाडी होती ती. आणि तिची गोष्ट सुरू होते एका शाळेच्या मैदानावर.

टोकियो, १८ जुलै १९७०

टोकियोच्या सुगिनामी भागात रिश्शो नावाची शाळा आहे. त्या दिवशी कडक ऊन होतं, वारा पडलेला होता. मैदानावर खेळणाऱ्या मुलींचे डोळे चुरचुरायला लागले, घसा जळायला लागला, श्वास घेता येईना. चाळीसहून जास्त विद्यार्थिनींना त्रास झाला, कित्येकींना दवाखान्यात न्यावं लागलं. सुरुवातीला कोणालाच कळेना काय झालंय. नंतर कळलं, की गाड्यांच्या आणि कारखान्यांच्या धुरावर कडक ऊन पडून हवेत जे विषारी धुरकं तयार होतं, त्याचा हा परिणाम. हा प्रकार लॉस एंजेलिसच्या लोकांना माहीत होता. जपानच्या घराघरांत तो शब्द त्या दिवसानंतर पोचला.

जपान तेव्हा जोरात होता. दरवर्षी लाखो नव्या गाड्या रस्त्यावर येत होत्या. गाडी घेणं म्हणजे प्रगती, असं लोक मानत होते. त्याच गाडीच्या धुरानं शाळेतल्या पोरी कोसळल्या, हे लोकांच्या जिव्हारी लागलं.

त्याच वर्षी अमेरिकेत एक कायदा तयार होत होता. मेन राज्याचे सिनेटर एडमंड मस्की त्याच्या मागे होते. गाड्यांच्या धुरातला कार्बन मोनॉक्साईड आणि न जळलेलं पेट्रोल, म्हणजे हायड्रोकार्बन, हे १९७० च्या तुलनेत १९७५ पर्यंत ९० टक्क्यांनी कमी करायचं. पुढच्या वर्षी नायट्रोजन ऑक्साईडही तितकाच. सिनेटमध्ये हे विधेयक ७३ विरुद्ध ० मतांनी पास झालं. एकही मत विरोधात नाही! ३१ डिसेंबर १९७० ला राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी सही केली.

डेट्रॉईटच्या मोठ्या कंपन्यांनी हात वर केले. म्हणे पाच वर्षांत हे शक्यच नाही, गाड्या महाग होतील, नोकऱ्या जातील. आपल्याला हे ऐकून नवल वाटायचं कारण नाही. कोणताही नियम आला की हीच कॅसेट वाजते, देश कोणताही असो.

हवा की पाणी

होंडा तेव्हा मोटारसायकलमध्ये जगात पहिली होती, पण मोटारींच्या धंद्यात अगदी नवखी. चारचाकी बनवायला सुरुवात केली १९६३ मध्ये. टोयोटा आणि निस्सानसमोर ती म्हणजे आखाड्यात उतरलेलं शेंबडं पोर.

त्यात घरातच भांडण पेटलेलं. संस्थापक सोइचिरो होंडा हे हाडाचे मेकॅनिक. शाळा फारशी शिकलेले नाहीत, पण इंजिनाचा नुसता आवाज ऐकून दोष सांगणारे. त्यांचा एक हट्ट होता, इंजिन हवेवरच थंड झालं पाहिजे. त्यांचं म्हणणं, पाणी घातलं तरी ते पाणी शेवटी रेडिएटरमध्ये हवेनंच थंड होतं ना? मग मध्ये पाणी कशाला? ऐकायला बिनतोड वाटतं. याच हट्टातून १९६९ मध्ये 'होंडा १३००' ही गाडी आली. इंजिन ताकदवान, पण जड, गुंतागुंतीचं आणि खर्चिक. गाडी फारशी चालली नाही. त्याआधी १९६८ मध्ये फ्रान्समधल्या रूआँच्या शर्यतीत होंडाच्या हवेवर थंड होणाऱ्या रेसिंग कारला अपघात होऊन जो श्लेसर हा चालक जळून मेला होता.

तरुण इंजिनिअरांचं म्हणणं साधं होतं. धूर आटोक्यात आणायचा तर इंजिनाचं तापमान एका पातळीवर टिकलं पाहिजे. हवेवर ते टिकत नाही, पाण्यावर टिकतं. पण म्हाताऱ्याला सांगणार कोण? तो चिडला की हातात येईल ते फेकून मारायचा, अशी ख्याती.

शेवटी हे काम केलं ताकेओ फुजिसावा यांनी. फुजिसावा म्हणजे कंपनीचा पैसा आणि विक्री सांभाळणारा भागीदार. होंडांनी कारखान्यात राबायचं आणि फुजिसावांनी व्यवहार बघायचा, ही त्यांची पहिल्यापासूनची वाटणी. फुजिसावांनी होंडांना एकच प्रश्न विचारला. तुम्ही कंपनीचे अध्यक्ष म्हणून राहणार की इंजिनिअर म्हणून? होंडा थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, अध्यक्ष म्हणून राहिलेलं बरं. मग पाण्याचं इंजिन होऊ दे? होऊ दे. झालं, तेवढ्यावर विषय संपला.

आपल्याकडच्या किती संस्था मालकाच्या हट्टापायी बुडाल्या, याची यादी करायला बसलो तर दुसरी पोस्ट लागेल. असो.

चिपाडं आणि ओली लाकडं

होंडाच्या संशोधन केंद्रात १९६६ पासूनच धुरावर काम करणारा एक छोटा गट होता. त्याच्या प्रमुखांचं नाव तासुकु दाते. आडनाव दाते असलं तरी हे पुण्याचे नव्हेत, अस्सल जपानी! त्यांच्यापुढचा प्रश्न असा होता. इंजिनात पेट्रोल जास्त आणि हवा कमी असली तर पेट्रोल पूर्ण जळत नाही आणि विषारी धूर होतो. हवा जास्त आणि पेट्रोल कमी ठेवलं तर धूर घटतो, पण असं पातळ मिश्रण नीट पेटतच नाही. गाडी गचके खाते, बंद पडते.

चुलीचं उदाहरण घ्या. ओली लाकडं काडी लावून पेटत नाहीत. आई काय करायची? आधी चिपाडं नाहीतर गोवरीचा तुकडा पेटवायची, त्याची ज्योत लाकडांना लागू द्यायची. दाते आणि त्यांच्या माणसांनी नेमकं हेच केलं. मुख्य सिलिंडरच्या डोक्यावर एक छोटीशी कोठडी ठेवली. तिला स्वतंत्र छोटा व्हॉल्व्ह दिला. तिच्यात पेट्रोल जास्त असलेलं घट्ट मिश्रण सोडायचं आणि स्पार्क प्लगची ठिणगी तिथंच पाडायची. तिथून निघालेली ज्योत खाली सिलिंडरमधल्या पातळ मिश्रणाला पेटवते. ते सावकाश आणि पूर्ण जळतं. फार तापत नाही म्हणून नायट्रोजन ऑक्साईड कमी. जास्त वेळ गरम राहतं म्हणून उरलंसुरलं पेट्रोल आणि कार्बन मोनॉक्साईडही जळून जातो.

कल्पना तशी अगदी नवी नव्हती. ब्रिटनमध्ये आणि सोव्हिएत रशियात अशा छोट्या कोठडीवर पूर्वी काम झालेलं होतं. पण रोज रस्त्यावर धावेल, कोणीही चालवेल आणि कारखान्यात लाखांनी बनेल असं इंजिन होंडानं केलं. त्याला नाव दिलं सीव्हीसीसी. आणि गंमत म्हणजे सायलेन्सरच्या आधी बसवायचं महागडं कॅटॅलिटिक कन्व्हर्टर याला लागतच नव्हतं. जे काही करायचं ते इंजिनाच्या आतच.

फेब्रुवारी १९७१ मध्ये होंडांनी टोकियोत जाहीर करून टाकलं की १९७५ चा नियम आम्ही पाळू शकतो. तेव्हा इंजिन पूर्ण तयारसुद्धा नव्हतं! इंजिनिअरांच्या पोटात गोळा आला असणार.

"कंपनीसाठी नाही"

आता या गोष्टीतला मला सर्वांत आवडणारा भाग.

होंडांना भारी आनंद झाला होता. ते सगळ्यांना सांगत सुटले की अमेरिकेच्या तिन्ही बड्या कंपन्यांच्या बरोबरीला यायची ही संधी आहे, आता त्यांना मागं टाकू. आणि त्यांच्याच हाताखालच्या तरुण इंजिनिअरांनी त्यांना तोंडावर सांगितलं की आम्ही हे कंपनीनं कोणाला हरवावं म्हणून करत नाही आहोत. गाडी बनवणारा म्हणून समाजाचं जे देणं लागतो, त्यासाठी करतोय.

विचार करा. सत्तरीकडे झुकलेला मालक, ज्याच्या नावाची पाटी कंपनीवर आहे, त्याला पगारी पोरं हे ऐकवतायत. आपल्याकडे दुसऱ्या दिवशी बदलीची ऑर्डर निघाली असती.

होंडांनी काय केलं? त्यांना ते लागलं. पण त्यांनी पोरांना नाही, स्वतःला तपासलं. आपण अजून कंपनीच्या स्पर्धेतच अडकलोय आणि ही पोरं आपल्या पुढं गेली आहेत, हे त्यांच्या लक्षात आलं. निवृत्त व्हायची वेळ झाली हे आपल्याला तेव्हा कळलं, असं त्यांनीच नंतर सांगितलं. ऑक्टोबर १९७३ मध्ये होंडा आणि फुजिसावा दोघंही एकाच वेळी पायउतार झाले. होंडा ६६ वर्षांचे, फुजिसावा ६२ चे. अध्यक्षपदी आले ४५ वर्षांचे कियोशी कावाशिमा. मुलगा नाही, पुतण्या नाही. कंपनीत इंजिनिअर म्हणून वर आलेला माणूस.

परीक्षा

डिसेंबर १९७२ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण खात्यानं मिशिगन राज्यातल्या ॲन आर्बरच्या प्रयोगशाळेत होंडाच्या गाड्या तपासल्या. नुसता फोटो काढून नाही, बरं का. ठरलेल्या चक्रानुसार गाडी रोलरवर चालवायची, धूर पिशवीत भरायचा, मोजायचा. मर्यादा होती मैलाला हायड्रोकार्बन ०.४१ ग्रॅम आणि कार्बन मोनॉक्साईड ३.४ ग्रॅम. होंडाची गाडी पास झाली. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर न लावता.

डेट्रॉईटचं म्हणणं आलं, हे छोट्या खेळण्यातल्या इंजिनाला जमेल, आमच्या मोठ्या गाड्यांना नाही जमणार. मग होंडानं जनरल मोटर्सचीच एक शेवरोले इम्पाला घेतली. आठ सिलिंडरचं अवाढव्य धूड. तिच्या इंजिनाला सीव्हीसीसीची हेड बसवली आणि ती गाडीही अमेरिकन खात्यापुढे तपासणीला उभी केली. तीसुद्धा १९७५ च्या मर्यादेत बसली. यावर काय बोलणार? फोर्ड, क्रायसलर, टोयोटा, इसुझू यांनी या तंत्राचे परवाने घेतले.

पण म्हणून सत्याचा विजय वगैरे झाला असं समजू नका. एप्रिल १९७३ मध्ये अमेरिकन सरकारनं कंपन्यांना एक वर्षाची मुदतवाढ दिली. मग तेलाचं संकट आलं, आणखी मुदत मिळाली. १९७७ मध्ये पुन्हा. १९७५ साठी ठरवलेल्या मर्यादा पूर्ण लागू व्हायला १९८०-८१ उजाडलं. नियम पाळता येतो हे दाखवणारा असूनही, न पाळणाऱ्यांना मुदत मिळत गेली.

सात महापालिका

जपानमध्येही तेच घडत होतं. सरकारनं अमेरिकेसारखेच नियम जाहीर केले. मोठ्या कंपन्या म्हणाल्या, १९७६ पर्यंत नायट्रोजन ऑक्साईड एवढा कमी करणं अशक्य आहे. पर्यावरण खातं डळमळू लागलं.

तेव्हा मध्ये पडली शहरं. टोकियो, ओसाका, नागोया, योकोहामा, कावासाकी, क्योतो आणि कोबे. या सात मोठ्या शहरांनी १९७४ मध्ये स्वतःची तज्ज्ञ समिती नेमली. समितीनं कंपन्यांना बोलावून प्रश्न विचारले, कागद तपासले आणि निष्कर्ष काढला की हे तांत्रिकदृष्ट्या शक्य आहे. होंडा आणि माझदा यांच्यासारख्या छोट्या कंपन्या जे करू शकतात ते बड्यांना का जमत नाही, हा प्रश्न चव्हाट्यावर आला. मुदत दोन वर्षांनी वाढली खरी, पण नियम मेला नाही. १९७८ पासून किलोमीटरला ०.२५ ग्रॅमची मर्यादा लागू झाली. त्या काळातली जगातली सर्वांत कडक. आणि 'अशक्य' म्हणणाऱ्या सगळ्या कंपन्यांनी ती पाळली!

मी पत्रकार म्हणून आजवर बऱ्याच पालिकांच्या सभा कव्हर केल्यात. गटार, टेंडर, नामकरण. हवेसाठी महापालिका कंपन्यांना जाब विचारते, हे वाचताना मला खरंच हेवा वाटला.

प्रकल्प ६७१

आता गाडीकडे येऊ. जुलै १९७२ मध्ये होंडाची छोटी सिव्हिक आली होती आणि चांगली चालली होती. डिसेंबर १९७३ मध्ये तिला सीव्हीसीसी इंजिन मिळालं. पण 'होंडा १३००' ची वंशावळ १९७४ मध्ये संपली. छोट्या 'केई' वर्गातल्या मोटारीही होंडानं त्याच वर्षी बंद केल्या, सगळी ताकद सिव्हिकवर लावायला. म्हणजे मोटारींचा अख्खा धंदा जवळजवळ एका गाडीवर उभा. सिव्हिक घेतलेल्या माणसाचं कुटुंब वाढलं की त्याला द्यायला होंडाकडे पुढची गाडीच नव्हती. तो टोयोटाच्या दारात जाणार.

मोठ्या गाडीचं काम आधी सुरू झालं होतं. त्याचा क्रमांक ६५३. दोन लिटरपर्यंतचं सहा सिलिंडरचं इंजिन, थाटमाट. पण ऑक्टोबर १९७३ नंतर तेलाचे भाव भडकले. त्यात होंडाचं गिऱ्हाईक म्हणजे परवडणारी छोटी गाडी घेणारा माणूस. ही मोठी गाडी त्याला काय कामाची? प्रकल्प गुंडाळला.

त्याजागी आला प्रकल्प ६७१. सिव्हिक बनवणारे हिरोशी किझावा यांच्याकडेच ही जबाबदारी होती. धोरण असं ठरलं की नव्यानं सगळं शोधायचं नाही. सिव्हिकमध्ये जे जमलंय तेच घ्यायचं. आडवं बसवलेलं इंजिन, पुढच्या चाकांना ताकद, चारही चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन. फक्त ते लांब, रुंद आणि निवांत करायचं. इंजिन १६०० सीसीचं सीव्हीसीसी, ८० अश्वशक्तीचं. लांबी ४,१२५ मिलिमीटर, रुंदी १,६२० मिलिमीटर. म्हणजे आजच्या हिशोबानं आपल्या चार मीटरच्या गाड्यांपेक्षा जेमतेम चार बोटं लांब. अकॉर्ड नंतर वाढत वाढत मध्यम आकाराच्या गाड्यांमध्ये गेली, पण जन्मली ती अशी छोटीच.

मे १९७६ मध्ये गाडी बाजारात आली ती तीन दारांची हॅचबॅक म्हणून. जपानी कुटुंबाला चार दारं आणि मागे डिकी अशी सेडान लागते, हा तेव्हाचा ठाम समज. चार दारांची अकॉर्ड ऑक्टोबर १९७७ मध्ये आली. पण दीड वर्ष ही तीन दारांचीच गाडी खपत राहिली.

कारण गाडीत बसणाऱ्याचा विचार केलेला होता. मागच्या काचेला वायपर. रेडिओ. चालकाच्या सीटवरून मागचं दार उघडायची सोय. सुट्या नाण्यांसाठी छोटा कप्पा, टोल द्यायला बरा. आणि मला आवडलेली गोष्ट म्हणजे डॅशबोर्डावरच्या बारीक खिडक्या. ऑइल बदलायची वेळ जवळ आली की हिरवी खिडकी पिवळी व्हायची, वेळ टळली की लाल. गाडी स्वतःच सांगायची, मालक, माझ्याकडे बघा. मोठ्या कंपन्या या गोष्टी जास्तीचे पैसे घेऊन लावून द्यायच्या. होंडानं त्या किमतीतच दिल्या.

अमेरिकेत किंमत होती ३,९९५ डॉलर. लोकांनी नंबर लावले. वितरक छापील किमतीवर वरचे पैसे मागू लागले. आपल्या बजाज स्कूटरच्या बुकिंगचे दिवस आठवा, तसंच. शिशाचं पेट्रोल असो की बिनशिशाचं, दोन्हीवर चालायची, आणि वर ॲव्हरेज उत्तम. धूर कमी करायचा तर ॲव्हरेज जातं, असं डेट्रॉईट सांगत होतं. या गाडीनं ते खोटं पाडलं.

अकॉर्ड म्हणजे मेळ, जुळणी. माणूस, समाज आणि मोटार यांचा मेळ, या अर्थानं कंपनीनं हे नाव ठेवलं होतं. जाहिरातीतली भाषा म्हणून सोडून दिलं असतं. पण त्या इंजिनिअरांनी मालकाला सांगितलेलं वाक्य माहीत असलं की हे नाव तितकं पोकळ वाटत नाही.

गाडीचे दोषही सांगतो

नुसतं कौतुक करून थांबलो तर जाहिरात होईल. तेव्हाच्या होंडांच्या पत्र्याला गंज लवकर लागायचा. अमेरिकेतल्या बर्फाच्या राज्यांत रस्त्यावर मीठ टाकतात. तिथं पुढची मडगार्डं दोन-तीन वर्षांत भाकरीसारखी खरपूस व्हायची. शेवटी कंपनीला ती बदलून द्यावी लागली.

आणि खुद्द सीव्हीसीसीचं काय झालं? ते टिकलं नाही. नियम आणखी कडक झाले, इलेक्ट्रॉनिक इंधन पुरवठा आला आणि डेट्रॉईटनं ज्यावर भर दिला होता त्याच कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचं सुधारलेलं रूप शेवटी जगभर रुजलं. १९८०च्या दशकाच्या अखेरीस होंडानंही आपलं इंजिन सोडून दिलं. कन्व्हर्टरमुळे बिनशिशाचं पेट्रोल आलं, आणि त्यामुळे पोरांच्या रक्तातलं शिसं कमी झालं, हा फायदा मोठाच. म्हणजे तंत्राच्या शर्यतीत डेट्रॉईटचा रस्ता चूक नव्हता. चूक होती ती 'होणार नाही' म्हणून वेळ काढण्यात. नियम आला म्हणूनच दोन्ही रस्ते सापडले.

अकॉर्ड मात्र टिकली. १ नोव्हेंबर १९८२ ला ओहायो राज्यातल्या मेरिसव्हिल इथं अमेरिकेत बनलेली पहिली अकॉर्ड बाहेर पडली, तेव्हा दुसरी पिढी सुरू झाली होती. तिथल्या शेतकऱ्यांची पोरं ती बनवत होती. १९८९ मध्ये अमेरिकेत सर्वांत जास्त खपलेली मोटार होती अकॉर्ड. जपानी कंपनीच्या गाडीनं असं पहिल्यांदाच केलं. म्हाताऱ्या होंडांनी पाहिलेलं तीन बड्यांच्या बरोबरीचं स्वप्न असं खरं झालं, ज्यांनी ते स्वप्न नको म्हटलं होतं त्यांच्याच कामातून. होंडा १९९१ मध्ये गेले. हे बघून गेले.

आणि आपण

आपल्याकडे १ एप्रिल १९९५ पासून मुंबईसह चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सक्तीचा झाला. बिनशिशाचं पेट्रोल देशभर पोचायला फेब्रुवारी २००० उजाडला. म्हणजे महानगराच्या मुलाला जी हवा १९९५ मध्ये द्यायची ठरली, ती आपल्या गावच्या मुलाला द्यायला पाच वर्षं जास्त लागली. या पाच वर्षांवर कोणी आंदोलन केल्याचं मला आठवत नाही. मी तेव्हा कॉलेजात होतो, मलाही पत्ता नव्हता.

पुढं मात्र आपणही करून दाखवलं. १ एप्रिल २०२० पासून बीएस-चारवरून मधली पायरी गाळून थेट बीएस-सहा. तेव्हाही मुदतवाढीची मागणी झालीच होती. सुप्रीम कोर्ट बधलं नाही. आज रस्त्यावर येणारी नवी गाडी खरोखर स्वच्छ आहे. त्यामागे चाकणपासून दूरदूरच्या कारखान्यांतल्या कित्येक मराठी इंजिनिअरांचे हात आहेत. आपल्यातली कोणाची पोरं तिथं असतील, त्यांना सलाम.

पण शोरूममधून निघालेली स्वच्छ गाडी दहा वर्षांनी स्वच्छ राहिली आहे का, हे बघायला आपल्याकडे एकच साधन आहे. ते म्हणजे ती पीयूसीची नळी. आणि ती नळी परवा खुंटीला टांगलेली होती.

तिकडं कंपन्यांच्या गाड्या रोलरवर चढवून धूर पिशवीत भरून मोजला म्हणून कोण खरं आणि कोण थापा मारतंय ते कळलं. मोजमापच खोटं असेल तर इंजिन चांगलं बनवणाऱ्याला कोण विचारणार? चांगली गाडी ठेवणाऱ्याला आणि काळा धूर सोडणाऱ्याला सारखीच चिठ्ठी मिळत असेल, तर गाडी दुरुस्त करायचा खर्च कोण करेल?

माझ्यापुरतं ठरवलंय. उद्या सकाळी पुन्हा त्याच केंद्रावर जाणार आहे. पैसे पुन्हा देईन, पण नळी घालून मोजून घेईन, आकडा काय येतो तो इथं टाकेन. गाडी अकरा वर्षांची आहे, नापास झाली तर तेही टाकेन. तुमच्यापैकी कोणाला सोबत यायचं असेल तर या, दहा वाजता, स्टँडसमोर. केंद्रावाल्याशी भांडायचं नाही. फक्त म्हणायचं, "दादा, जरा मोजून दे."

आपल्याही गावात शाळेचं मैदान हायवेला लागूनच आहे, एवढं लक्षात असू द्या.